तिवरोशीचा फळा

आणीबाणीच्या दुसऱ्या हिवाळ्यात, एका सकाळी, कर्जत तालुक्यातल्या तिवरोशी गावच्या दूध संकलन केंद्राबाहेरचा फळा खिळ्यांवरून उतरवून सरकारी जीपमधून नेण्यात आला. फळ्यावर त्या वेळी शेवटची ओळ होती ती अशी : 'मंजुरी असूनही आज सूर्य आलेला नाही. खुलासा मागवावा.'

ही बातमी मी त्याच दिवशी मुंबईला पाठवली. ती छापून आली नाही. त्या वेळी मी एका मुंबईच्या दैनिकाचा कर्जत-खालापूरचा वार्ताहर होतो. दैनिकाचे नाव देत नाही. गावाचे नाव आणि माणसांची नावे बदलली आहेत. बाकी काही बदललेले नाही.

तालुक्याच्या वार्ताहराला टेबल नसते आणि फोनही नसतो. फोन करायचा तर पोस्टात ट्रंक कॉल लावून बाकावर बसून राहायचे आणि लाइन लागली की ओरडून बोलायचे. त्यामुळे आमच्या बातमीची अर्धी वार्ता पोस्टात बसलेल्यांनाच आधी कळे. साधारण बातमी हाताने लिहून पाकिटात घालायची आणि रोज मुंबईला कामाला जाणाऱ्या एखाद्या पासधारकाच्या हाती द्यायची. तो ती संध्याकाळच्या आत कचेरीत टाकी. कोणतीही गोष्ट दोन वेगवेगळ्या माणसांकडून कळल्याशिवाय लिहायची नाही, हे मला मुंबईच्या कचेरीत उमेदवारी करताना शिकवले गेले. तालुक्यात हा नियम पाळणे अवघड असते. दुसरा माणूस बहुतेक वेळा पहिल्याचा मेहुणा निघतो.

या कामात माझी स्पर्धा दुसऱ्या कुठल्या पेपरशी नव्हती. ती फळ्यांशी होती.

तिवरोशीचा फळा दुधाचा भाव लिहिण्यासाठी आणलेला होता. भाव क्वचित बदले. उरलेले दिवस फळा रिकामा राही. पहाटे कॅन घेऊन आलेली माणसे टेंपोची वाट बघत उभी असत, खडू खिडकीत पडलेला असे. कोणीतरी भावाखाली एक ओळ लिहिली. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली दुसऱ्याने लिहिली. थोड्या दिवसांनी फळ्याच्या डोक्यावर रंगाने नियम लिहिला गेला : 'एका माणसाची एक ओळ. दुसऱ्याची ओळ पुसू नये. शिवी नको.'

अशी संकलन केंद्रे रस्त्यावर ठिकठिकाणी होती आणि प्रत्येकाला फळा होता. दुधाचा टेंपो खालापूरच्या बाजूने निघे, पळसदरी, तिवरोशी, दहिवली करत कर्जतला येई आणि भिवपुरीच्या वीजघराच्या वसाहतीत दूध घालायला पुढे जाई. तिथेही एक फळा होता. टेंपोचा ड्रायव्हर बाळाराम याला प्रत्येक ठिकाणी कॅन चढेपर्यंत काही काम नसे. तो फळा वाचे आणि पुढच्या केंद्रावर सांगे. तिथे ती ओळ लिहिली जाई आणि तिच्याखाली जबाब लिहिला जाई. जबाब परतीच्या फेरीत मागे जात. अशा रीतीने ज्यांनी एकमेकांची तोंडे कधी पाहिली नव्हती, अशी माणसे वर्षानुवर्षे एकमेकांची थट्टा करत होती.

एक उदाहरण देतो. दहिवलीच्या फळ्यावर एकदा ओळ आली : 'आमच्या रस्त्यावरचा खड्डा वयात आला आहे. स्थळे सुचवावीत.' पळसदरीहून जबाब आला : 'आमच्याकडे एक आहे. घराणे सरकारी, खोली भरपूर.' भिवपुरीच्या वसाहतीने लिहिले : 'लग्न लावू नका. पोरे होतील.' ही स्थळे बरेच दिवस चालली. पत्रिका लिहिली गेली, आहेर नको म्हणून कळवले गेले. शेवटी बांधकामवाल्यांनी येऊन खड्डा बुजवला. त्या दिवशी दहिवलीच्या फळ्याला काळी किनार होती आणि खाली 'शोकाकुल : समस्त सायकलवाले' असे लिहिले होते. त्याच खड्ड्याविषयी मी दोन वेळा रीतसर बातमी दिली होती. तिच्यामुळे काही झाल्याची माझ्याकडे नोंद नाही.

विजेचे असेच. वीजघर डोळ्यासमोर आणि गावात रॉकेलचा दिवा, अशी पुष्कळ गावे तेव्हा होती. त्याबद्दल सभा झाल्या, निवेदने गेली. तिवरोशीच्या फळ्यावर एवढेच आले : 'वीज वरून जाते. तारांची सावली फुकट आहे, गरजूंनी बसावे.'

मलाही सोडत नसत. तिवरोशीच्या केंद्रावर दूध मोजून घेणाऱ्या यमुनाबाई. त्यांच्या तोंडाला सगळे वचकून असत. मी सायकलवरून उतरलो की त्या आत हाक देत, "आलं गं आलं, शिळं दूध आलं." मी विचारले, हे काय. तर म्हणाल्या, "आमचं दूध दुपारपर्यंत नासतं. तुमची बातमी नासल्यावरच छापतात ना रं भाऊ?"

आणीबाणी आल्यावर दैनिकांच्या मजकुरावर छापण्याआधी सरकारी नजर फिरू लागली. आमच्या कचेरीतून निरोप आला की वादाचे काही पाठवू नका. मी कीर्तने, बक्षीस समारंभ आणि भाताचे पीक याबद्दल लिहू लागलो. फळे मात्र पहिल्यासारखेच चालू होते, कारण ते कोणाच्या यादीत नव्हते. वर्षभराने ते यादीत आले. आमच्या भागातले एक अधिकारी, त्यांना देशमाने म्हणू, यांच्यावर फळ्यांवर लक्ष ठेवण्याचे काम येऊन पडले. खाते सांगत नाही. देशमाने घाटावरचे, नेमस्त, पोटाच्या विकाराने हैराण असलेले गृहस्थ होते. त्यांनी प्रत्येक केंद्रावर तोंडी सांगितले : लिहिण्याआधी मजकूर आपल्या कर्जतच्या कचेरीत दाखवावा, मंजूर झाला तरच लिहावा.

खालापूरच्या बाजूच्या दोन केंद्रांनी भीतीने फळेच आत ठेवले. तिवरोशीच्या केंद्रावर त्या संध्याकाळी बैठक झाली. मी हजर होतो. कोणी म्हणाले फळा बंद करू, कोणी म्हणाले लिहायचे ते लिहू. प्राथमिक शाळेचे सोनावळे गुरुजी शेवटी बोलले. ते म्हणाले, "साहेबांनी सगळं दाखवा सांगितलंय. मग सगळंच दाखवू. काही लपवायला नको."

दुसऱ्या दिवसापासून तिवरोशीची माणसे कचेरीच्या व्हरांड्यात मंजुरीसाठी बसू लागली. बाजाराला, दवाखान्याला कर्जतला येणारा प्रत्येक जण एक ओळ घेऊन येई. 'यमुनाबाईंची शेळी हरवली आहे. रंग काळा. पक्ष कोणताही नाही.' 'रामा ठोंबरे यांचा दात दुखत आहे.' 'वांगी यंदा बरी आहेत.' देशमाने प्रत्येक ओळ वाचत. शेळीच्या ओळीतले पक्षाचे वाक्य त्यांनी खोडले. दाताला मंजुरी दिली. पळसदरी आणि दहिवलीची माणसेही येऊ लागली. कचेरीतली इतर कामे मागे पडली.

एक दिवस तिवरोशीहून ओळ आली : 'उद्या सूर्य पूर्वेला उगवण्याचा संभव आहे.' देशमाने यांनी 'संभव' या शब्दाला हरकत घेतली. लोकांच्या मनात शंका निर्माण होईल, असे त्यांचे म्हणणे. शब्द बदलून 'उगवेल' केला आणि सही केली. हे मला कचेरीतल्या कारकुनाने आणि ओळ घेऊन गेलेल्या माणसाने वेगवेगळे सांगितले. दोघे एकमेकांचे नातेवाईक नव्हते.

ओळ फळ्यावर लागली. दुसऱ्या दिवशी धुके पडले. नदीकाठच्या गावांत डिसेंबरात ते पडते. त्या दिवशी ते इतके दाट होते की टेंपो दिवे लावून आला. तेव्हा मंजूर ओळीच्या खाली ती नवी ओळ होती. बाळारामने ती वाचली आणि पुढे नेली. दुपारपर्यंत ती दहिवलीत, स्टेशनाजवळच्या चहाच्या दुकानात आणि भिवपुरीच्या वसाहतीत पोहोचली होती. वसाहतीत त्या दिवशी देशमाने यांचे वरिष्ठ आले होते. त्यांनी ती तिथल्या फळ्यावर वाचली आणि विचारले, कसली मंजुरी.

पुढच्या सकाळी जीप आली. फळा गेला. ती ओळ लिहिणाऱ्याचे नाव ठरवून त्याच्यावर कारवाई करायची, असे देशमाने यांना वरून सांगण्यात आले. नाव ठरवायला फार वेळ लागेल असे कोणाला वाटले नाही. त्या अक्षराला एक ओळख होती. ओळ डावीकडून उजवीकडे जाताना थोडी वर चढत असे आणि शब्द संपल्यावरही शिरोरेषा पुढे जाऊन टोकाला किंचित वळत असे. ते अक्षर सोनावळे गुरुजींचे आहे, हे शाळेच्या हजेरीपटावरून कोणालाही सांगता आले असते.

गुरुजींचे घर छप्पन साली बौद्ध झालेले. त्या घरातली ती पहिली पगाराची नोकरी होती. धाकटा भाऊ पनवेलला कॉलेजात होता, त्याचे सगळे या पगारावर. ते तिवरोशीला रुजू झाले त्या वर्षी गावातल्या काही घरांनी मुले शाळेत पाठवली नव्हती. पुढच्या वर्षापासून पाठवली. त्यावर गुरुजी कधी बोलल्याचे मला आठवत नाही. फळा गेला त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या अंगणात बसलो होतो तेव्हा मात्र बोलले.

मी विचारले, "गुरुजी, ओळ तुमची का?"

"तुम्ही छापणार आहात?"

"छापता येणार नाही."

"मग कशाला विचारता?" ते म्हणाले. मग म्हणाले, "नोकरी गेली तर भात लावीन, त्याचं काय नाय. भाऊ शिक्षण सोडून येईल, त्याचं वाईट वाटेल. पण पहिल्या वर्षी ज्यांनी पोरं पाठवली नाहीत, ते म्हणतील, बघा, आम्ही तेव्हाच सांगत होतो."

त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कोन म्हनतंय ते बघूच की."

ओळ गुरुजींनी लिहिली होती की नाही, याला मला कधीही पुष्टी मिळाली नाही.

चौकशी शाळेच्या पडवीत झाली. देशमाने कायद्याने चालणारे होते. नुसत्या ओळखीवर नाव लावणे त्यांना पटत नव्हते. लिहिता येणाऱ्या सगळ्यांच्या अक्षराचा नमुना घ्यायचा आणि जुळेल त्याचे नाव द्यायचे, असे त्यांनी ठरवले. कचेरीतला कोरा कागद मंजुऱ्यांत संपला होता. म्हणून शाळेतल्या पोरांच्या पाट्या घेतल्या. माणसे रांगेत बसवली. गुरुजींना बाजूला खुर्ची दिली. कारकुनाने ओळ वाचून सांगितली आणि प्रत्येकाने ती पाटीवर लिहिली : 'मंजुरी असूनही आज सूर्य आलेला नाही. खुलासा मागवावा.'

पाट्या भिंतीला टेकवून ओळीने लावण्यात आल्या. देशमाने पहिल्या पाटीपाशी वाकले. दुसऱ्या पाटीपाशी वाकले. मग चष्मा पुसला.

प्रत्येक पाटीवर ओळ वर चढत होती. प्रत्येक शब्दाची शिरोरेषा पुढे जाऊन टोकाला वळत होती.

याचे कारण नंतर कळले, आणि ते साधे होते. गुरुजी आले तेव्हा शाळा एका गोठ्यात भरे. तिथला फळा तिरका टांगलेला होता आणि भिंत मातीची असल्याने दुसरा खिळा बसत नव्हता. फळ्याच्या कडेला धरून लिहिले की ओळ चढती दिसे. पोरांना वाटले, लिहायचे ते असेच. पाट्यांवर चढते लिहू लागली. पुढे पक्की इमारत झाली, फळा सरळ लागला, पण तोपर्यंत गुरुजींच्याच हाताला तो चढ बसला होता. शिरोरेषेचे वळण त्यांच्या सवयीचे. गावात तिशीच्या आतले जे कोणी लिहिणारे होते ते सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले, आणि थोरली माणसे त्यांच्या प्रौढ वर्गात शिकलेली.

देशमाने यमुनाबाईंच्या पाटीपाशी थांबले. "बाई, हे अक्षर तुमचं?"

"माजंच. का, चुकलंय का?"

"तुमच्या सगळ्यांचं अक्षर एकसारखं कसं?"

"एकाच शाळंचं हाय, सायेब. डोकी येगळी हायत, ती पन तपासा."

कोणीतरी हसले. देशमाने यांनी वर पाहिले नाही. रांगेच्या शेवटी रघुनाथ पाटील बसले होते. त्यांचे वडील पहिल्या वर्षी मुलाला शाळेत न पाठवणाऱ्यांपैकी. रघुनाथ आता गावच्या पंचायतीवर होते, आणि गुरुजींचे त्यांच्याशी फारसे बोलणे नव्हते, हे गावाला माहीत होते. देशमाने यांना इथे वेगळे अक्षर मिळेल असे वाटले असावे. ते खाली बसले आणि पाटी हातात घेतली.

"पाटील, तुमचंही असंच?"

"मला दुसरं येत नाय, सायेब," रघुनाथ म्हणाले.

"जरा दुसऱ्या तऱ्हेनं लिहून दाखवा."

"आता या वयात कुटं बदलू?"

देशमाने उठले. गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, तुम्ही फार एकाग्रतेने शिकवलंय." गुरुजींनी मान खाली घातली. जीप गेली. पाट्या तशाच राहिल्या आणि संध्याकाळी पोरे त्या घरी घेऊन गेली. त्या रात्री ती ओळ गावात जितक्या घरांत होती तितक्या घरांत आधी कधी नव्हती.

मी त्याच संध्याकाळी बातमी लिहिली. काय घडले ते क्रमाने, विशेषणाशिवाय. तिसऱ्या दिवशी पेपर आला. आतल्या पानावर, तळाशी, हे छापले होते :

'तिवरोशी (ता. कर्जत) : येथील प्राथमिक शाळेत ग्रामस्थांची हस्ताक्षर स्पर्धा उत्साहात पार पडली. स्पर्धेस अधिकारी जातीने उपस्थित होते. सर्व स्पर्धकांचे अक्षर सारख्याच वळणाचे पाहून त्यांनी आश्चर्य व्यक्त केले.'

तालुक्याची पाने पाहणारे उपसंपादक वयस्क होते, कमी बोलत. पुढे मुंबईला गेलो तेव्हा मी त्यांना विचारले, हे असे का केलेत. ते म्हणाले, "जागा तेवढीच होती." माझ्या बातमीतला एकही तपशील त्यांनी खोटा केला नव्हता. फक्त एक शब्द बदलला होता.

त्या शब्दाने पुढचे काम केले. देशमाने यांनी मला बोलावून घेतले. पेपर टेबलावर होता.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"मी लिहिलं ते छापलं नाही. छापलं ते मी लिहिलं नाही."

"वरून फोन आला होता."

त्यांनी पेपर माझ्याकडे सरकवला.

"अभिनंदन केलंय," देशमाने म्हणाले. "ग्रामीण भागात असे उपक्रम व्हायला हवेत, असं म्हणाले. आता मी स्पर्धेत भाग घेतलेल्या माणसांची चौकशी कशी करू, ते तुम्हीच सांगा."

मी म्हटले, मी फक्त वार्ताहर आहे.

"ते दिसतंय," ते म्हणाले. मग ड्रॉवर उघडून त्यांनी एक कागद काढला, वाचला आणि परत ठेवला. तो गुरुजींना निलंबित करण्याचा प्रस्ताव होता, असे कारकुनाने मला पुढे सांगितले. या एका गोष्टीला दुसरा साक्षीदार नाही. देशमाने यांचा अहवाल मात्र मी नंतर पाहिला. त्यात लिहिले होते की अक्षर कोणा एका व्यक्तीचे असल्याचे सिद्ध होत नाही. हे अक्षरशः खरे होते.

फळ्यांचे पुढे काय झाले ते इथेच सांगतो. खालापूरच्या बाजूचे जे दोन फळे भीतीने आत गेले ते आणीबाणी उठल्यावरही बाहेर आले नाहीत. एकाचा दरवाजा केल्याचे ऐकले. काही वर्षांनी दूध नेण्याची व्यवस्था बदलली, मोठी गाडी थेट मुख्य रस्त्याने जाऊ लागली आणि बाळाराम टेंपो विकून एका गोदामावर लागला. ओळी फिरवणारे कोणी उरले नाही. फळे होते तिथे भाव लिहिला जात राहिला. भाव मग वरचेवर बदलू लागला. ओळींची नोंद कोणी ठेवलेली नाही. मीही ठेवली नाही, कारण तेव्हा त्या उद्याही असतील असे वाटत होते. भिवपुरीच्या वसाहतीतला एक निवृत्त कर्मचारी मला भेटला की अजून खड्ड्याच्या लग्नाची पत्रिका पाठ म्हणून दाखवतो. त्याने तिवरोशी गाव कधीही पाहिलेले नाही.

आता राहिलेले. स्पर्धा झाल्याचे छापून आले होते आणि वरून कौतुक झाले होते, म्हणून निकाल लावणे भाग होते. प्रजासत्ताक दिनी तिवरोशीच्या शाळेत बक्षीस समारंभ ठेवण्यात आला. त्याच्या काही दिवस आधी निवडणुका जाहीर झाल्या होत्या. देशमाने यांच्या त्या दिवशीच्या मवाळ सुराशी त्याचा संबंध होता का, हे मी सांगू शकत नाही.

झेंडावंदन झाले. देशमाने यांनी भाषण थोडक्यात केले. सगळ्यांचे अक्षर सारखे असल्याने पहिला नंबर काढणे अवघड गेले, असे ते म्हणाले. बक्षीस यमुनाबाईंना दिले. खडूंची पेटी होती. यमुनाबाईंनी ती घेतली, उघडून पाहिली आणि विचारले, "सायेब, ह्यानं लिवायला मंजुरी लागंल का?"

देशमाने म्हणाले, "बाई, बसा."

त्या बसल्या. गुरुजी पहिल्या रांगेत होते, शेजारी रघुनाथ पाटील. गुरुजी पुढे त्याच शाळेतून निवृत्त झाले. त्यांचा भाऊ पदवीधर झाला.

स्पर्धकांच्या अक्षराचा नमुना पाहुण्यांना दाखवता यावा म्हणून समारंभासाठी दूध केंद्राचा फळा कचेरीतून जीपमध्ये घालून आणण्यात आला होता. समारंभ संपला. जीप गेली. फळा परत नेण्यात आला नाही.